दोन भाषांचा बाऊ

घरी राहून शिकणाऱ्या मुलांसाठी ऑनलाइन शिक्षणाची सोय उभी करायची म्हटली, की जाणकार मंडळी पहिला सल्ला देतात तो भाषेचा : कोणतीही एकच ठेवा. एक पक्ष इंग्रजी ठेवा म्हणतो, दुसरा मराठी. एरवी या दोन पक्षांचे कशावरही पटत नाही. पण दोन भाषा एका जागी आणल्या की मुलाचा गोंधळ उडतो, यावर मात्र त्यांचे एकमत आहे. हे मत आता इतके रुळले आहे, की त्याला पुरावा मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. तो मागितला पाहिजे, कारण या मतावर मुलांची वर्षे खर्ची पडत आहेत. समोरच्याचे म्हणणे आधी पुरते मांडावे आणि मगच उत्तर द्यावे, ही आपल्या वादपरंपरेची रीत. तिला धरूनच पुढे जाऊ.

पूर्वपक्ष असा. मुलाचे अवधान मर्यादित असते. पडद्यावर एकाच मजकुराच्या दोन प्रती, दोन लिप्यांत, दोन परिभाषांत दिल्या, तर त्याची शक्ती विषय समजण्याऐवजी त्या दोन प्रतींचा मेळ घालण्यात जाते. ही निव्वळ कल्पना नाही. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर आणि पॉल चँडलर यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी प्रयोगांनी दाखवले आहे, की तीच माहिती दोनदा दिल्याने शिकणाऱ्याला मदत होण्याऐवजी अडथळा होऊ शकतो. दुसरा मुद्दा असा, की अभियांत्रिकी, वैद्यक, कायदा, संशोधन यांच्या वाटा शेवटी इंग्रजीतूनच जातात. शाळेतल्या मुलाला निदान वर्गात इंग्रजी कानावर पडते. घरी शिकणाऱ्याला तो पडदा हाच इंग्रजीचा एकमेव झरा. मग त्यातला अर्धा वेळ मराठीला का द्यावा? तिसरा दाखला अलीकडचा आहे. २०२१ साली राज्याने ४८८ आदर्श शाळांतील पहिलीच्या मुलांसाठी एकात्मिक द्विभाषिक पुस्तके आणली आणि पुढे त्यांचा विस्तारही केला. मराठीच्या शिक्षकांनी आणि भाषाप्रेमींनी तेव्हा तक्रार केली, की यातून धड मराठीही येणार नाही, धड इंग्रजीही नाही. चौथा आणि शेवटचा मुद्दा खर्चाचा. दोन भाषा म्हणजे दुप्पट काम. आणि मुळात मुलांना शाळेतून काढून घरी शिकवणारे पालक शहरी आणि इंग्रजी शिकलेले. त्यांना मराठी हवी आहे कोठे?

हे सारे विचारी माणसांचे आक्षेप आहेत. त्यांतला दुसरा सर्वांत वजनदार, म्हणून त्याला सर्वांत जास्त जागा देईन. पण सुरुवात शेवटच्यापासून केली पाहिजे. घरी शिकणारे मूल कोण, हेच चुकीचे ठरवले, तर पुढची सारी चर्चा चुकीच्या मुलाविषयी होते.

पालघर जिल्ह्यातल्या वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातले चांदीप घ्या. विरार स्थानकावरची गर्दी आणि इथली वस्ती एकाच तालुक्यात येतात, यावर नवख्या माणसाचा विश्वास बसू नये इतका दोन्हींत फरक. वारली, कातकरी, मल्हार कोळी, आगरी, कुणबी अशा घरांचा हा मुलूख. दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबे इकडच्या आणि भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांची शाळा अर्ध्या वर्षासाठी तुटते. याच भागातल्या उसगावच्या विधायक संसद या संस्थेने १९९०च्या दशकात भट्ट्यांवरच भोंगाशाळा भरवल्या, त्या या मुलांसाठी. त्याच्याही आधी याच जिल्ह्याच्या उत्तरेला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर काम उभारले. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलापाशी जावे, हा विचार पालघर जिल्ह्याला कोणा परदेशी पुस्तकातून शिकावा लागलेला नाही.

आता कायदा पाहा. शिक्षणहक्क कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. दहावी-बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणारी मुले-मुली आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९पासून आहे. २०१७च्या शासननिर्णयातून आलेले महाराष्ट्राचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही आहे आणि त्याच्या परीक्षा पाचवीच्या आणि आठवीच्या पातळीपासून सुरू होतात. शाळेची रीत पटत नाही म्हणून विचारपूर्वक घरी शिकवणारे पुण्या-मुंबईचे पालक या सगळ्यांच्या सोबत आहेत, सगळ्यांच्या ऐवजी नाहीत. ‘मराठी हवी आहे कोठे’ हा प्रश्न विचारणाऱ्याने घरी शिकणाऱ्यांपैकी एकच गट पाहिला आहे. आणि त्या गटातही आजी-आजोबा असतात.

आजी-आजोबांचा उल्लेख सहज केलेला नाही. एकभाषिक पक्षाची मूळ चूक माझ्या मते इथेच आहे. शाळेसाठी माध्यम निवडताना आपण मुलाचा विचार करतो, कारण शिकवणारा नेमलेला आणि त्या माध्यमाचा असतो. घरी शिकवणारा नेमलेला नसतो. ती आई असते, आजी असते, दहावी झालेली ताई असते, रात्री कामावरून आलेला बाप असतो. मुलाला अपूर्णांक अडला की ते पडद्याकडे पाहून गप्प बसत नाही. शेजारी बसलेल्या माणसाला विचारते. पडद्यावरचा धडा त्या माणसाच्या भाषेत नसेल, तर त्याला फक्त एकच गोष्ट करता येते : मुलाला पुन्हा पडद्याकडे पाठवणे. म्हणजे घरी शिकण्याचा जो सर्वांत मोठा लाभ, जवळचे माणूस शिक्षक म्हणून मिळण्याचा, तोच इंग्रजी-एके-इंग्रजी मंच हिरावून घेतो. आईच्या हातून शिकवणे काढून घेणाऱ्या व्यवस्थेला घरशिक्षण कसे म्हणायचे?

याचा पुरावा आपण सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिला आहे. २०२०च्या जुलैत टाळेबंदीच्या काळात एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, बालभारतीच्या पाठांवर. तिच्यात फळा आणि खडू नव्हता. घर होते, अंगण होते, डाळ-तांदूळ होते, घरातली माणसे होती. धडा मुलाशी बोलत होता आणि त्याच वाक्यात घरातल्या मोठ्यांशीही. हे मराठीत होते म्हणून जमले. तोच धडा केवळ इंग्रजीत असता, तर किती स्वयंपाकघरांत तो करून पाहिला गेला असता?

आता गोंधळाचा मुद्दा. तो आला कोठून, हे पाहण्यासारखे आहे. १९२०च्या दशकात वेल्समध्ये डी. जे. सेअर यांनी वेल्श आणि इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या बुद्धिमापनाच्या चाचण्या घेतल्या आणि ग्रामीण द्विभाषिक मुले मागे पडतात, असा निष्कर्ष १९२३ साली मांडला. दोन भाषांनी मूल मंदावते, ही समजूत तिथून आणि तशाच इतर अभ्यासांतून जगभर पसरली. पण त्याच अभ्यासात शहरी द्विभाषिक मुले मागे नव्हती. दोष भाषांचा असता, तर तो शहरात कसा नाहीसा झाला? गरिबी आणि परिस्थिती यांचा हिशेब वेगळा न काढल्याने हे घडले, हे पुढच्या संशोधकांनी दाखवून दिले. १९६२ साली मॉन्ट्रिऑलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी आर्थिक स्तर जुळवून दहा वर्षांच्या मुलांची तुलना केली. द्विभाषिक मुले पुढे निघाली. या अभ्यासावरही टीका झाली आणि ती मी लपवणार नाही : त्यांनी दोन्ही भाषा चांगल्या येणारीच मुले निवडली होती. पण या टीकेने सिद्ध काय होते? दोन्ही भाषा नीट पोसल्या तर लाभ होतो, एवढेच. मग नीट पोसा. एक उपाशी ठेवा, असे तर त्यातून निघत नाही.

आणि खरे तर या प्रश्नाला वेल्स-कॅनडाची साक्ष लागतच नाही. चांदीपच्या एखाद्या वारली घरातले मूल घरात वारली बोलते, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी, विरारच्या बाजारात हिंदी. वसईच्या पश्चिमेला सामवेदी किंवा वाडवळी बोलणारी घरे पिढ्यान् पिढ्या मराठीत शिकत आली आहेत. या मुलांना गोंधळलेली म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? द्विभाषिकतेची भीती ज्याला वाटते, त्याला एकभाषिकतेचा अनुभव आहे. आपल्याला तो कधीच नव्हता.

उलट, दोन भाषांतून एकच गोष्ट अधिक स्पष्ट कशी दिसते, याचे उदाहरण दुसरीच्या गणितातच आहे. सत्तेचाळीस ऐकताना मुलाला आधी सात ऐकू येतात, मग चाळीस. लिहिताना मात्र आधी ४, मग ७. म्हणून ४७च्या जागी ७४ लिहिणारी मुले दरवर्षी भेटतात. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ असे वाचन दिले, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला आणि तो विधिमंडळापर्यंत पोहोचला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण शांतपणे समजावून सांगितली. ऐकले थोड्यांनी. त्या वादात एक गोष्ट मागे पडली. ‘फॉर्टी-सेव्हन’ मुलाच्या कानावर आधीच पडलेले आहे. वीसच्या पुढे इंग्रजीत दशक आधी आणि एकक नंतर येते, जसे लिहितो तसेच. स्थानिक किमतीसाठी ही तयार शिडी आहे. आणि मराठीकडे काय आहे? एकोणतीस आहे. तीसला एक कमी, हे ज्याला नावातच सांगितले आहे, ते मूल एकोणतीस आणि छत्तीसची बेरीज करताना तीस धरून एक काढून टाकायला सहज शिकते. ‘ट्वेंटी-नाइन’मध्ये ही वजाबाकी नाही. एका भाषेने संख्येची रचना दाखवली, दुसरीने तिचा शेजार. दोन्ही भाषा हाताशी असलेल्या मुलाला त्यांतली एक सोडायला लावणे, हा कोणता शिक्षणविचार?

आता तो वजनदार आक्षेप. उच्च शिक्षण इंग्रजीत आहे. मान्य. ‘नीट’ २०१७पासून आणि जेईई मेन २०२१पासून मराठीतूनही देता येते. हे महत्त्वाचे आहे, पण त्याचा आधार घेऊन इंग्रजीची गरज संपली असे मी म्हणणार नाही. मुलाला इंग्रजी उत्तम आलीच पाहिजे. वाद इंग्रजी हवी की नको याचा नाहीच. वाद आहे तो तिथे पोहोचायचे कसे याचा. आणि इथे पूर्वपक्षाने एक गोष्ट गृहीत धरली आहे, की इंग्रजीत शिकवले म्हणजे इंग्रजी येते. येते का? ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२२च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाला इंग्रजीतले साधे वाक्य वाचता आले. ज्याला वाक्य वाचता येत नाही, त्याला त्याच भाषेत गुरुत्वाकर्षण शिकवले, तर तो गुरुत्वाकर्षणही शिकत नाही आणि इंग्रजीही. तो पाठ करतो. परीक्षेनंतर विसरतो. आणि घरी शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तपासणारा पडदा त्याला बरोबर पर्यायावर बोट ठेवल्याबद्दल गुण देत राहतो.

टोरांटोचे जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडले, की एका भाषेत पक्के झालेले आकलन दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून मिळवावे लागत नाही. खोलवर दोन्हींचा साठा एकच असतो. त्यांनी आणखी एक भेद केला, जो आपल्या पालकांनी ध्यानात ठेवावा : बोलण्यापुरती नवी भाषा एक-दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच-सात वर्षे लागतात. मुलगा फाडफाड इंग्रजी बोलतो म्हणून त्याला इंग्रजीतले विज्ञान समजते, असे मानणे म्हणूनच धोक्याचे. त्या पाच-सात वर्षांत विषयाचे शिकणे थांबवायचे नसेल, तर ते मराठीत चालू ठेवूनच इंग्रजी वाढवावी लागते. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने गणित आणि विज्ञानासाठी द्विभाषिक साहित्य तयार करण्यास सांगितले, ते याच कारणाने. शिक्षणहक्क कायद्याचे २९वे कलम शक्य तेथे मातृभाषेतून शिक्षण द्यावे म्हणते. इंग्रजीच्या आग्रही मित्रांना मी एवढेच विचारीन : तुमचे ध्येय मला मान्य आहे, तुमच्या वाटेने तिथे किती मुले पोहोचली, हे दाखवाल का?

राहिला २०२१च्या पुस्तकांचा दाखला. इथे टीकाकारांशी मी बराच सहमत आहे. एकाच पानावर दोन भाषांची सरमिसळ करणे म्हणजे द्विभाषिकता, ही समजूत खरोखर हानिकारक आहे आणि स्वेलर-चँडलर यांचा इशारा तिलाच लागू पडतो. पण एका रचनेचा दोष साऱ्या विचारावर लादता येत नाही. आणि रचना कशी असावी, याचे धडे आपल्या वृत्तपत्रांच्या इतिहासातच आहेत. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ला निघाले, तेच मराठी आणि इंग्रजी अशा दोन स्तंभांत. मराठी वृत्तपत्र जन्मले तेच द्विभाषिक. पण मला शिक्षणमंचासाठी अधिक जवळचा वाटतो तो १८८८चा ‘सुधारक’. त्याची मराठी बाजू आगरकर लिहीत, इंग्रजी बाजू गोखले. एकाने दुसऱ्याचे भाषांतर केले नाही. दोन्ही भाषांना स्वतंत्र लेखक मिळाला आणि म्हणून दोन्ही जिवंत राहिल्या.

आजचे बहुतेक द्विभाषिक मंच नेमके इथे मार खातात. धडा इंग्रजीत लिहिला जातो आणि यंत्राकडून मराठी करून घेतला जातो. मग उदाहरणात बर्फ पडतो, डॉलर मोजले जातात आणि १०,००,००० लिहिणाऱ्या मुलासमोर ‘एक मिलियन’ येऊन उभा राहतो, स्वल्पविरामाची जागाही बदलून. अशा मराठीला मुले कंटाळतात आणि मग आपणच म्हणतो, मुलांना मराठी नको. मुलांना मराठी नको असते, की ही मराठी?

सुधारायचे तर प्रत्येक भाषेला वेगळे काम दिले पाहिजे. १९९४ साली वेल्समध्येच केन विल्यम्स यांनी एक साधी पद्धत मांडली : वाचन किंवा श्रवण एका भाषेत, लेखन किंवा बोलणे दुसऱ्या भाषेत. नुसते उतरवून काढून असे काम होत नाही. समजल्याशिवाय भाषा बदलताच येत नाही. आपल्या मंचावर पाचवीच्या मुलाने बाष्पीभवनाचा धडा मराठीत ऐकावा, प्रयोग आईबरोबर करावा आणि त्याची नोंद तीन इंग्रजी वाक्यांत लिहावी. आठवीत हा क्रम उलटावा : धडा इंग्रजीत वाचावा, समजलेले मराठीत आजीला सांगावे आणि ते ध्वनिमुद्रित करून जोडावे. पडद्यावर एका वेळी एकच भाषा दिसावी; दुसरी एका बोटाच्या अंतरावर असावी. गणिताची चाचणी मुलाने हव्या त्या भाषेत द्यावी, म्हणजे इंग्रजी कच्ची असल्याची शिक्षा गणिताला होणार नाही. शोधण्याच्या चौकटीत मुलाने ‘अपूर्णांक’ देवनागरीत लिहिले, ऱ्हस्व-दीर्घ चुकवून लिहिले, रोमन अक्षरांत लिहिले किंवा इंग्रजी ‘फ्रॅक्शन’ लिहिले, तरी तोच धडा सापडला पाहिजे. ही लहान बाब वाटते. पण चार वेळा शोधून धडा न सापडलेले मूल पाचव्यांदा शोधत नाही.

आणि प्रत्येक धड्याला मोठ्यांसाठी एक मराठी पान हवे, वाचता येत नसेल तर ऐकता येणारे : आज काय शिकायचे, घरातली कोणती वस्तू लागेल, मूल कुठे चुकेल आणि चुकले तर काय विचारायचे. वारली घरांसाठी हेच पान वारलीत बोलता येईल. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत जाणाऱ्या मुलांना ते इंग्रजीतून मराठीकडे नेणारे हवे असेल. वाट दोन्ही दिशांनी चालती ठेवली, तर मंच एकच पुरतो.

खर्चाचा आक्षेप यानंतर फारसा उरत नाही, पण उत्तर द्यायला हवे. बालभारतीची मराठी आणि इंग्रजी माध्यमांची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. ‘दीक्षा’ हा सरकारी शिक्षणमंच २०१७पासून चालू आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५पासून खुल्या परवान्याच्या गोष्टी अनेक भाषांत मिळतात आणि वाचनपातळीनुसार लावलेल्या असतात. इंटरनेटशिवाय चालणारी कोलिब्री ही मुक्त प्रणाली एका जुन्या लॅपटॉपवरून आसपासच्या मोबाइलांना धडे पुरवू शकते, म्हणजे जिथे नेटवर्क मिळत नाही अशा वस्तीचाही प्रश्न सुटतो. आशय आणि तंत्र यांचा मोठा भाग असा आधीच फुकट आहे. पैसा लागेल तो मराठीत स्वतंत्र लिहिणाऱ्या शिक्षकांना, चांगल्या आवाजांना आणि त्या मोठ्यांसाठीच्या पानाला. ही रक्कम दुप्पट नाही. ती आजवर द्यायचीच राहिलेली रक्कम आहे. सुरुवात पाचवीच्या गणितापासून करावी, कारण राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पहिली परीक्षा त्याच पातळीची आहे, आणि चांदीपसारख्या गावात तिला बसणारे मूल आज कोणत्या भाषेत प्रश्न विचारील, हे सर्वांना ठाऊक आहे.